घरगुती वेब सर्व्हर व परिचालन प्रणाली

घरगुती वेब सर्व्हर : आंतरजालावरून येणाऱ्या मागणीनुसार वेब पृष्ठे पाठविणाऱ्या आज्ञावलीस, तसेच ती आज्ञावली अखंड चालविणाऱ्या संगणकास वेब सर्व्हर असे म्हणतात. असा संगणक एखाद्या संस्थेच्या यंत्रशाळेत न ठेवता खाजगी घरात ठेवला आणि घराच्याच दूरध्वनी, केबल वा प्रकाशतंतू जोडणीवरून त्याची सेवा दिली, तर त्यास घरगुती वेब सर्व्हर म्हणता येईल. संगणकाची स्मृती, चकती, जालजोडणी आणि त्यावर चालणाऱ्या सर्व आज्ञावली यांचे नियंत्रण करणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) होय. घरगुती सर्व्हरसाठी कोणती परिचालन प्रणाली निवडावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक सोयीचा वाटतो. तथापि १९९० नंतरचा इतिहास पाहिल्यास त्यामागे दोन अधिक खोल प्रश्न असल्याचे दिसते : यंत्रात बिघाड झाला, तर तो मालकाला दिसतो काय, आणि दिसल्यास तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला असतो ? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने घरगुती सर्व्हर व त्यावरील परिचालन प्रणाली यांच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका : आजच्या बहुतेक वेब सर्व्हरांवरील परिचालन प्रणालींचे मूळ युनिक्समध्ये आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन (१९४३–    ) आणि डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहान संगणकावर तिचा आरंभ केला. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिण्यात आला, त्यामुळे ती एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे शक्य झाले. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी ही दूरध्वनी कंपनी १९५६ मधील न्यायालयीन संमतीपत्राने बांधलेली असल्याने तिला संगणक-व्यवसायात उतरता येत नव्हते. परिणामी युनिक्स तिच्या मूळ संहितेसह अल्प मूल्यात विद्यापीठांना देण्यात आली, पण तिच्याबरोबर दुरुस्तीची कोणतीही हमी नव्हती. बिघाड झाल्यास संहिता वाचून तो आपणच शोधावा, सुधारणा इतरांना कळवाव्यात, हा प्रघात येथूनच पडला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत या प्रघाताला विशेष फळ आले. तेथील बिल जॉय (१९५४–    ) यांनी १९७८ मध्ये बर्कली वितरणाचा (बीएसडीचा) पहिला संच प्रसिद्ध केला. १९८३ च्या ४.२ आवृत्तीत टीसीपी/आयपी या जालनियमांचा अंतर्भाव झाला. त्याच वर्षी १ जानेवारीस अर्पानेट या जालाने हेच नियम स्वीकारले होते. अशा रीतीने आंतरजालाची भाषा आणि युनिक्स यांची सांगड वेबच्या जन्मापूर्वीच घातली गेली.

पहिला वेब सर्व्हर : जिनीव्हानजीकच्या सर्न या युरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली (१९५५–    ) यांनी मार्च १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांची योजना मांडली. १९९० च्या अखेरीस त्यांनी पहिला वेब सर्व्हर आणि पृष्ठे पाहण्याची पहिली आज्ञावली नेक्स्ट कंपनीच्या मेजावरील संगणकावर कार्यान्वित केली. या संगणकाची नेक्स्टस्टेप ही परिचालन प्रणाली माख नावाचा गाभा व बर्कली युनिक्स यांवर आधारलेली होती. बर्नर्स-ली यांनी यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवून, हे यंत्र सर्व्हर असून ते बंद करू नये, अशी सूचना तांबड्या शाईत लिहिली होती. सर्व्हर बंद पडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे कोणीतरी त्याची वीज बंद करणे, आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणजे एक चिठ्ठी. घरगुती सर्व्हर चालविणाऱ्यांना ही गोष्ट आजही परकी वाटत नाही.

डिसेंबर १९९१ मध्ये युरोपाबाहेरील पहिला वेब सर्व्हर स्टॅनफर्ड रेखीय त्वरक केंद्रात सुरू झाला. तो आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकावर, व्हीएम या अगदी निराळ्या प्रणालीखाली चालत असे. म्हणजे वेब सर्व्हर कोणत्याही एका परिचालन प्रणालीशी तत्त्वतः बांधलेला नव्हता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने आपल्या वेब आज्ञावली कोणतेही स्वामित्वशुल्क न घेता सर्वांसाठी खुल्या केल्या आणि संस्थेबाहेरील व्यक्तीलाही सर्व्हर चालविण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली.

घरातील संगणकासाठी युनिक्स : आज्ञावली मोकळी झाली, तरी ती चालविण्याजोगी परिचालन प्रणाली घरात नव्हती. विंडोज ३.१ व त्या वेळची मॅकिंटॉश प्रणाली यांत अनेक आज्ञावलींनी आपापसांतील सहकार्याने प्रक्रियकाचा वेळ वाटून घ्यावा, अशी रचना होती. एक आज्ञावली अडकली की तिच्याबरोबर सर्व यंत्रच अडकत असे. अशाही यंत्रांवर मॅक-एचटीटीपीसारखे लहान सर्व्हर चालविले गेले, पण दिवसरात्र सेवा देणे हा त्या प्रणालींचा मूळ उद्देश नव्हता. युनिक्समध्ये गाभा स्वतःच प्रत्येक आज्ञावलीला ठराविक वेळ देऊन तो काढूनही घेतो, त्यामुळे एकीच्या दोषाने दुसरी सहसा बंद पडत नाही. १९८४ च्या विभाजनानंतर मात्र एटी अँड टीवरील बंधन उठले आणि युनिक्स ही महागडी व्यापारी वस्तू बनली.

या कोंडीतून दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग रिचर्ड स्टॉलमन (१९५३–    ) यांच्या जीएनयू प्रकल्पाचा होय. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी युनिक्ससारखीच, पण वापरण्यास, अभ्यासण्यास, बदलण्यास व वाटण्यास मुक्त अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्यांनी सिद्ध केलेल्या जीपीएल या परवान्याने हे स्वातंत्र्य पुढच्या प्रत्येक प्रतीलाही लागू केले. या प्रकल्पात गाभ्याची उणीव होती. ती हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स (१९६९–    ) यांच्यामुळे भरून निघाली. अँड्रू टॅननबाउम यांनी अध्यापनासाठी १९८७ मध्ये रचलेल्या मिनिक्स या छोट्या प्रणालीचा अभ्यास करीत असता त्यांनी ३८६ जातीच्या घरगुती संगणकासाठी स्वतःचा गाभा लिहिला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची वार्ता जाहीर केली. लिनक्स या नावाने तो ओळखला जाऊ लागला. आरंभीच्या परवान्यात पैसे घेऊन वाटप करण्यास मनाई होती, परंतु १९९२ मध्ये जीपीएल स्वीकारल्यावर तो कोणालाही वितरित करता येऊ लागला. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे वितरण-संच निघाले.

दुसरा मार्ग बर्कलीचा होता. विल्यम व लिन जॉलिट्झ यांनी १९९२ मध्ये बीएसडीची ३८६ संगणकासाठीची आवृत्ती प्रसिद्ध केली. १९९३ मध्ये तिच्यातून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निर्माण झाल्या. जालाच्या बाबतीत या प्रणाली तेव्हाच्या लिनक्सपेक्षा अधिक परिपक्व होत्या. परंतु १९९२ मध्येच एटी अँड टीच्या युनिक्स उपकंपनीने संहितेच्या मालकीवरून दावा लावला. १९९४ च्या आरंभी तो तडजोडीने मिटला, तेव्हा सु. १८,००० फायलींपैकी केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या. तथापि ऐन बहराच्या दोन वर्षांत या प्रणालींच्या भवितव्याविषयी अनिश्चितता राहिली आणि अनेक नवागत लिनक्सकडे वळले. घरगुती सर्व्हरवरील प्रणालीची निवड गुणवत्तेइतकीच परवान्यावरही ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

अपाची : इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात (एनसीएसएमध्ये) रॉब मकूल यांनी १९९३ मध्ये लिहिलेली सर्व्हर आज्ञावली लवकरच सर्वाधिक लोकप्रिय ठरली. १९९४ मध्ये त्यांनी केंद्र सोडल्यावर तिची देखभाल खुंटली. ठिकठिकाणचे चालक आपापल्या यंत्रावर आढळलेले दोष स्वतः दुरुस्त करीत होते, पण त्या दुरुस्त्या एकत्र येत नव्हत्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये अशा आठ जणांनी ई-पत्रांद्वारे संघटित होऊन त्या दुरुस्त्यांचा एक संच केला. त्यातून अपाची सर्व्हर जन्मास आला. १ डिसेंबर १९९५ रोजी त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि एप्रिल १९९६ मध्ये तो वापराच्या दृष्टीने जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. एखाद्या कंपनीच्या आराखड्यातून नव्हे, तर चालकांच्या दोषशोधनातून साकारलेली ही आज्ञावली होती. लिनक्स वा फ्रीबीएसडी अधिक अपाची ही जोडी जुन्या, टाकून दिलेल्या संगणकावरही चालत असल्याने घरगुती सर्व्हरचा तो ठरीव नमुना बनला.

व्यापारी प्रणाली : मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी ही नवी, भक्कम रचनेची प्रणाली आणली व पुढे तिला आयआयएस या वेब सर्व्हरची जोड दिली. चित्रमय नियंत्रण, सोपी मांडणी आणि एकाच कंपनीचे साहाय्य ही तिची बलस्थाने होती. परंतु १९९६ मधील एनटी ४.० च्या स्वस्त 'वर्कस्टेशन' आवृत्तीच्या परवान्यात जास्तीत जास्त दहा संगणकांनाच सेवा देण्याची अट होती. त्यापलीकडे जाण्यासाठी कितीतरी महाग 'सर्व्हर' आवृत्ती घ्यावी लागे. दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच असून फरक संरूपणातील नोंदींवरून ठरतो, असे त्याच वर्षी तज्ज्ञांनी दाखवून दिले. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या 'होम' आवृत्तीत आयआयएस नव्हताच आणि 'प्रोफेशनल' आवृत्तीत तो होता, पण एकावेळी दहा जोडण्यांपुरता. अशा यंत्रावर अकराव्या जोडणीला नकार मिळे. मालकास तो बिघाड वाटे, प्रत्यक्षात ती परवान्याची मर्यादा असे.

याहून बोधप्रद उदाहरण विंडोज ९५ व ९८ यांचे आहे. यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ या प्रणाली सहस्रांश सेकंदांत, ३२ द्विमान अंकांच्या गणकात मोजत असत. अशा गणकात ४,२९,४९,६७,२९६ इतक्याच निरनिराळ्या संख्या मावतात, म्हणजे ४९.७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो. त्या क्षणी यंत्र गोठू शकते, हा दोष १९९९ मध्ये उघड झाला. या प्रणाली एरव्ही इतके दिवस अखंड चालविल्याच जात नसल्याने तो चार वर्षे लक्षात आला नव्हता. त्या काळच्या लिनक्समध्येही असाच गणक होता. तो सेकंदाच्या शतांशांत मोजत असल्याने ४९७ दिवसांनी शून्यावर येई. मात्र तेव्हा दाखविण्यात येणारा चालू-काळ तेवढा चुके, यंत्र चालूच राही. एकाच जातीच्या दोषाचे परिणाम प्रणालीच्या रचनेनुसार किती वेगळे होतात, हे यावरून स्पष्ट होते.

घराची जोडणी : वेबच्या आरंभीच्या कल्पनेत प्रत्येक संगणकाला स्वतःचा कायम पत्ता होता व तो एकाच वेळी वाचक आणि प्रकाशक होता. घरापर्यंत पोहोचलेले आंतरजाल मात्र असे नव्हते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील सु. ४२९ कोटी पत्ते अपुरे पडणार हे लवकर दिसू लागल्याने १९९४ मध्ये पत्ता-भाषांतराची (एनएटी) पद्धत मांडण्यात आली. या पद्धतीत घरातील सर्व संगणक खाजगी पत्ते वापरतात व बाहेर एकच सार्वजनिक पत्ता दिसतो. हा सार्वजनिक पत्ताही पुरवठादार वेळोवेळी बदलतो. त्यासाठी बदलता पत्ता नावाशी जुळवून ठेवणाऱ्या सेवा निघाल्या. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एडीएसएल जोडण्यांत घराकडे येणारा वेग जास्त व घराबाहेर जाणारा कमी होता. सर्व्हरला नेमके उलट हवे असते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील चौथ्या आवृत्तीचे पत्ते संपले. २०१२ मध्ये पुरवठादाराच्या स्तरावरील पत्ता-भाषांतरासाठी स्वतंत्र पत्ते राखून ठेवण्यात आले. अशा भाषांतरामागील घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो व तेथील सर्व्हर चौथ्या आवृत्तीवरून बाहेरून थेट गाठता येत नाही. या ठिकाणी परिचालन प्रणाली बदलून काहीही साध्य होत नाही, ही बाब नवशिक्या चालकांच्या ध्यानात पुष्कळदा उशिरा येते.

दोषशोधन : बंद पडलेला सर्व्हर तपासण्याचे शास्त्र थरांच्या कल्पनेवर उभे आहे. दोष कोठे आहे याचा तर्क करण्यापूर्वी तो कोठे नाही हे एकेका थराने सिद्ध करीत जावे, हे त्याचे मूळ सूत्र होय. या कामाचे सर्वांत परिचित साधन पिंग हे आहे. अमेरिकेच्या लष्करी प्रक्षेपिकी प्रयोगशाळेतील माइक म्यूस (१९५८–२०००) यांनी जालातील एका विचित्र बिघाडाचा छडा लावण्यासाठी डिसेंबर १९८३ मध्ये ते एका संध्याकाळी लिहिले. दूरच्या यंत्राकडे हाक पाठवून तिचा प्रतिसाद किती वेळात येतो, एवढेच ते मोजते.

घरगुती सर्व्हरची तपासणी सर्वसाधारणपणे पुढील क्रमाने होते. यंत्र चालू आहे काय, सर्व्हर आज्ञावली चालू आहे काय आणि ती अपेक्षित पोर्टवर, म्हणजे साध्या जोडणीसाठी ८० व सांकेतिक जोडणीसाठी ४४३ वर, मागणीची वाट पाहत आहे काय, हे प्रथम पाहतात. नंतर त्याच यंत्रावरून पृष्ठ मागवितात. मग घरातील दुसऱ्या संगणकावरून आणि शेवटी घराबाहेरील जोडणीवरून. पहिल्या पायरीला यश व दुसरीला अपयश आल्यास यंत्रावरील संरक्षक भिंत संशयास्पद ठरते. दुसरीला यश व तिसरीला अपयश आल्यास मार्गक (राउटर), पुरवठादार किंवा नावाची नोंद यांकडे वळावे लागते. अनेक मार्गकांत घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जाता येत नाही. त्यामुळे बाहेर सर्व सुरळीत असूनही घरात सर्व्हर बंद भासतो. म्हणून तिसरी चाचणी घराबाहेरूनच, उदा., भ्रमणध्वनीच्या जालावरून, करणे आवश्यक असते.

नकाराचे स्वरूपही बोलके असते. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा यंत्रापर्यंत वाट आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, असे समजावे. बराच वेळ काहीच उत्तर आले नाही, तर मागणी वाटेतच अडविली जात असण्याचा संभव अधिक असतो. उत्तरादाखल क्रमांक आला, तर सर्व्हर जिवंत आहे हे सिद्धच होते : ४०३ म्हणजे वाचण्याची अनुमती नाही, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही, ५०० म्हणजे आतील आज्ञावलीचा दोष. येथे परिचालन प्रणालींमधील भेद प्रकट होतात. युनिक्स वंशात प्रत्येक फायलीला मालक, गट व इतर यांच्यासाठी वाचन, लेखन व चालन अशा नऊ अनुमती असतात आणि ४०३ चे कारण बहुधा तेथेच सापडते. विंडोजवर फायलींच्या नावांतील मोठी व लहान रोमन अक्षरे सामान्यतः समान मानली जातात, लिनक्सवर ती भिन्न होत. त्यामुळे एका प्रणालीवरून दुसरीवर हलविलेल्या संकेतस्थळावर अकस्मात ४०४ चा वर्षाव होतो. बर्कलीपासून चालत आलेल्या प्रथेनुसार युनिक्स वंशात १०२४ पेक्षा लहान क्रमांकाची पोर्टे सामान्य वापरकर्त्यास घेता येत नाहीत. विंडोजवर असे बंधन नाही.

या सर्वांहून महत्त्वाची वस्तू म्हणजे नोंदवही (लॉग). प्रत्येक मागणी व प्रत्येक चूक साध्या, वाचनीय मजकुरात एका ओळीत नोंदविण्याची पद्धत एनसीएसएच्या सर्व्हरपासून रूढ झाली. जो चालक प्रथम नोंदवही वाचतो त्याचे काम निम्मे होते. जो प्रथम यंत्र पुन्हा सुरू करतो तो अनेकदा पुरावाच गमावतो. अर्थात नोंदवहीदेखील दोषाचे कारण होऊ शकते : तिची वाढ रोखली नाही, तर चकती भरते आणि सर्व्हर थांबतो.

२००१ चा धडा : आयआयएसमधील एका त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १८ जून २००१ रोजी प्रसिद्ध केली होती. एक महिन्यानंतर, १९ जुलै रोजी, त्याच त्रुटीतून शिरणाऱ्या कोड रेड या कृमीने चौदा तासांपेक्षा कमी काळात सु. ३,५९,००० संगणक ग्रासले. त्यांपैकी बऱ्याच मालकांना आपल्या संगणकावर वेब सर्व्हर चालू आहे, याचीच कल्पना नव्हती. हा कृमी केवळ स्मृतीत राहत असे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तो नाहीसा होई आणि दुरुस्ती बसविलेली नसल्यास थोड्याच वेळात पुन्हा शिरे. पुन्हा सुरू करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे याहून स्पष्टपणे कोणत्याही घटनेने दाखविले नाही. अपाची चालविणाऱ्यांना त्याची बाधा झाली नाही. मात्र त्यांच्या नोंदवह्यांत कृमीच्या निष्फळ मागण्यांच्या ओळी दिसत राहिल्या. यानंतर काही पुरवठादारांनी घरगुती जोडण्यांवर ८० क्रमांकाचे पोर्टच बंद केले.

यावरून मुक्त प्रणाली आपोआप सुरक्षित ठरते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये स्लॅपर या कृमीने लिनक्सवरील अपाची सर्व्हरांवर हल्ला केला. त्यावरील दुरुस्तीही सहा आठवड्यांपूर्वी उपलब्ध होती. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या मुक्त संहितेत दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसला नव्हता. संहिता वाचता येणे आणि ती कोणीतरी खरोखर वाचणे, तसेच दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती बसविली जाणे, यांतील अंतर कोणताही परवाना भरून काढू शकत नाही.

भारतातील परिस्थिती : भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसाधारण जनतेसाठी आंतरजाल-सेवा सुरू केली. दूरध्वनीवरून तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या त्या जोडणीवर घरगुती सर्व्हर चालविणे व्यवहार्य नव्हते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची सदैव चालू जोडणी ही संकल्पना रूढ केली आणि पुढील काळात हौशी चालकांना हे क्षेत्र खुले झाले. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबई वगळता बहुतेक भागांत होणाऱ्या भारनियमनामुळे विजेचा प्रश्न जोडणीच्या प्रश्नाइतकाच गंभीर होता. वीज अकस्मात गेल्यास चकतीवरील अर्धवट लेखनामुळे फाइल-व्यवस्था बिघडते. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी२ या व्यवस्थेत अशा वेळी संपूर्ण चकती तपासावी लागे व त्यात बराच वेळ जाई. २००१ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या ईएक्सटी३ मध्ये बदल प्रथम एका रोजकीर्दीत लिहिले जात असल्याने ही तपासणी काही क्षणांवर आली. विंडोज एनटीच्या एनटीएफएसमध्ये अशी सोय १९९३ पासून होती. विजेची खात्री नसलेल्या प्रदेशात परिचालन प्रणाली निवडताना हा निकष निर्णायक ठरे.

निवडीचे निकष : २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाने घरगुती सर्व्हरचे अर्थकारण पालटले. सरासरी ८० वॉट वीज घेणारा जुना संगणक वर्षभर चालविल्यास सु. ७०० युनिट वीज लागते. ५ वॉट घेणाऱ्या छोट्या यंत्रास सु. ४४ युनिट पुरतात. मात्र या यंत्रांची स्मृतिपत्रे सततच्या लेखनाने झिजतात. शिवाय २०२३ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत त्यांत वीज गेल्यावरही वेळ राखणारे घड्याळ नव्हते. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने मोफत दिलेली प्रमाणपत्रे नव्वद दिवसांचीच असत. घड्याळ चुकले किंवा नूतनीकरण राहून गेले, की निर्दोष सर्व्हरही अविश्वसनीय ठरे.

परिचालन प्रणाली निवडताना पुढील बाबी तपासणे इष्ट असते. यंत्राची जात व स्मृती यांना ती अनुरूप आहे काय. सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार. त्या आपोआप बसविता येतात काय. नोंदवह्या सहज वाचता येतात काय. आणि अडचण आल्यास त्याच प्रणालीचा अनुभव असलेली माणसे जवळपास आहेत काय. डेबियनसारखे संथ गतीने बदलणारे संच दीर्घकाळ न हलविता चालवावयाच्या यंत्राला मानवतात. फ्रीबीएसडीत गाभा व मूलभूत साधने एकाच हातून येत असल्याने तिचे दस्तऐवज सुसंगत असतात. ओपनबीएसडी सुरक्षेला अग्रक्रम देते, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि केवळ शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरविते. ज्याला हा क्रम पाळता येत नाही त्याने ती घेऊ नये. आश्वासनांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही : २०२९ पर्यंत साहाय्य मिळण्याची अपेक्षा असलेल्या सेंटओएस ८ चे साहाय्य ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपविण्यात आले. मुक्त परवान्यामुळे त्याच वर्षी इतरांना तिचे पर्याय उभे करता आले, हे मात्र लक्षणीय आहे. बंद परवान्याच्या प्रणालीचे साहाय्य संपल्यावर मालकापुढे नवी आवृत्ती विकत घेणे किंवा दुसरीकडे जाणे, एवढेच मार्ग उरतात.

मूल्यमापन : भाड्याने मिळणारे दूरस्थ सर्व्हर स्वस्त व विश्वसनीय झाल्याने घरगुती सर्व्हरची व्यावहारिक गरज बरीच कमी झाली आहे. तरीही त्याचे महत्त्व संपलेले नाही. वेबचा आरंभ एका माणसाच्या मेजावरील यंत्रापासून झाला आणि त्या यंत्रावर त्याची पूर्ण सत्ता होती. आज बहुसंख्य लोक आपले लेखन, छायाचित्रे व पत्रव्यवहार अशा यंत्रांवर ठेवतात, ज्यांच्या नोंदवह्या त्यांना कधीच पाहता येत नाहीत आणि ज्यांच्या बिघाडाचे कारण त्यांना कळविले जाईलच असे नाही. घरगुती सर्व्हर चालविणाऱ्याच्या वाट्याला रात्री-अपरात्रीचे दोषशोधन येते, सुरक्षेची जबाबदारीही येते. परंतु यंत्र का थांबले, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते. कोणती परिचालन प्रणाली उत्तम, या वादाचे एकच एक उत्तर इतिहासाने दिलेले नाही. ज्या प्रणालीतील बिघाड मालकाला समजतो, जिची दुरुस्ती त्याच्या आवाक्यात व अधिकारात असते आणि जिची निगा तो नियमितपणे राखू शकतो, ती त्याच्यासाठी उचित, एवढे मात्र या इतिहासावरून म्हणता येते.